शब्दचर्चा : ‘स्मृतिभ्रंश’, ‘अल्झायमर’ आणि ‘लिंगभेद’

प्रश्न : मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं आरोग्य स्त्रियांत आणि पुरुषांत वेगळं कसं असतं, त्याचा अल्झायमरशी काय संबंध, यावर लिहिते आहे. ‘अल्झायमर’ऐवजी सरसकट ‘स्मृतिभ्रंश’ लिहिलं तर चालेल? आणि शीर्षकात ‘लिंगभेद’?

उत्तर : सरसकट नको. स्मृतिभ्रंश ही अवस्था. अल्झायमर हे तिचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून येतो तो ‘रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंश’. उतारवयात पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतात, त्याला ‘मिश्र’ म्हणतात. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या रुग्णाची हकिकत मांडली, ती ऑगस्टे डेटर नावाची स्त्री होती. तिच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याची नोंदही त्यांनी केली होती. पुढे मेंदूच्या पेशींतल्या प्रथिनांच्या गाठी आणि पेशींबाहेर साचलेली प्रथिनंच लक्षात राहिली, रक्तवाहिन्या मागे पडल्या. म्हणून तुमचा विषय मला फार मोलाचा वाटतो.

दुसरं उत्तर : ‘लिंगभेद’ वाचला की आधी अन्यायच आठवतो. ‘स्त्री-पुरुषांतील जैविक फरक’ लिहा, लांब झालं तरी.

प्रश्नकर्ती : पण कोशात ‘भेद’ म्हणजे फरकच ना?

दुसरं उत्तर : कोशात हो, वापरात तो अर्थ मागे पडला. शिवाय इथे नेमकेपणा हवाच. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवायला मदत करतं, त्यामुळे त्या सैलावतात. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण ओसरतं, रक्तदाब वाढू लागतो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना पुढे रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो. स्त्रियांत स्मृतिभ्रंश जास्त का दिसतो, हे ‘बायका जास्त जगतात म्हणून’ एवढ्यावर मिटवणं मला पटत नाही. पण ‘इस्ट्रोजेन घ्या, मेंदू वाचवा’ असंही सुचवू नका. ६५ वर्षांपुढच्या स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत, २००३ साली, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (आणखी एक, कृत्रिम संप्रेरक) एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला.

पहिलं उत्तर : आणि ‘म्हातारचळ’ कुठेही नको. त्या शब्दाने आजाराचा दोष माणसाच्या स्वभावावर जातो, आणि तपासणी राहून जाते. मध्यमवयात रक्तदाब मोजून घेणं हे तर आजच करता येण्यासारखं आहे, ते लेखात ठळक घ्या.

प्रश्नकर्ती : घेते. शीर्षक : ‘स्त्रियांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या आणि अल्झायमर’.