गप्पीची पिल्लं वाचवल्याचे तुमचे अनुभव लिहा

पोफळीची बाग, गुहागर
परवा वाडीत आरोग्य खात्याची माणसं येऊन गेली, डोणीत आणि वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडायला. पाऊस सुरू झाला की डासांसाठी येतातच. पिशवीतले मासे बघितले आणि एकदम शाळेतले दिवस आठवले. तेव्हाही असेच कोणी आले होते आणि बाबांनी त्यांच्याकडून थोडे मागून घेऊन पडवीत काचेच्या मोठ्या बरणीत ठेवले होते. साधे करडे मासे, नराच्या अंगावर तेवढे केशरी ठिपके. एका सकाळी शाळेच्या घाईत बघते तर बरणीत डोळे असलेले जिऱ्याचे दाणे पोहतायत! दप्तर टाकून आईला बोलवायला पळाले, ती हात पुसत येईपर्यंत निम्मे गायब. मादीच गिळत होती. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा म्हणाले रडू नको, त्यांना लपायला जागा दे. मग व्हाळातलं शेवाळ आणून बरणी निम्मी भरली आणि पुढच्या खेपेची पिल्लं राहिली.
आता मोठी टाकी आहे, मासे पण पंख्यासारख्या शेपटीचे, पण मी अजून तेच करते. मादीला जाळीच्या डब्यात कोंडण्यापेक्षा पिल्लांना गच्च झाडी द्यावी असं माझं ठाम मत. तुम्ही काय काय केलंत ते लिहा ना, संध्याकाळी निवांत वाचते.

कुडाळचो
माझ्या झिलान पण ह्याच केल्यान. आधी एक टाकी व्हती, आता पडवेत पाय ठेवक जागा नाय. ता जावा मॉस, पिल्लांक लपाक टाकीत घालतत ता शेवाळ, खंय गावतला ता कोणीतरी सांगा मगे, झील जीव खाता माझो.

दापोलीची सून
भाकऱ्या टाकतेय, नंतर सविस्तर लिहिते. पण डब्याबद्दल शंभर टक्के सहमत!! मादी त्यात नुसती धडका मारते.

जांभ्याचं घर, राजापूर
कोणी पाण्याबद्दल बोलतच नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस धो धो, आपल्याला बरं पण गप्पीला नाही, त्याला थोडं जड पाणी लागतं. आमच्याकडे पिल्लं व्हायची, वाचायची पण, पण मोठी होताना पर मिटून जागच्या जागी डुलत राहायची आणि मग एक एक जायचं. औषधं आणली, टाकी धुतली, काही फरक नाही. शेवटी बायकोने तिसऱ्यांचे शिंपले उकळून घासून सुकवून ठेवले होते रांगोळीच्या कडेला लावायला, ते मूठभर फिल्टरमध्ये टाकले. चुना असतो ना त्यात, हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होतं. महिन्याभरात मासे वेगळेच दिसायला लागले. फुकटचा उपाय, तिसऱ्यांचं सुकं खा आणि शिंपले टाकीत टाका.

मालवणी तडका
काका तिसऱ्या किती रुपये वाटा आहे तुमच्याकडे सध्या? आणि शिंपल्यांऐवजी पोवळ्याचे तुकडे चालतील का, किनाऱ्यावर वाहून आलेले दिसतात कधी कधी.

जांभ्याचं घर, राजापूर
पोवळी उचलू नको बाबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ती संरक्षित आहेत, मेलेला तुकडा असला तरी नको. शिंपले पुरतात. वाट्याचा भाव पावसात विचारू नकोस.

दिवेआगरकरीण
पोफळीताई, तुझं वाचून निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. आमची सुपारीची बाग आडवी झाली, पत्रे उडाले, वीज तर पुढे कितीतरी दिवस नव्हती. टाकी बाबांनी आधीच कोपऱ्यात सरकवून वर गोधडी टाकली होती. वादळाच्या रात्रीच मादी व्यायली. पंप बंद, फिल्टर बंद, घरात माणसांचेच हाल, माशांकडे कोण बघणार. पण माझा धाकटा दिवसातून जमेल तेव्हा मगने पाणी उचलून वरून परत ओतत बसायचा, तेवढीच हवा. खायला घालणं एकदम कमी केलं, पाणी नासू नये म्हणून. टाकीत झाडी होती आणि गप्पी वर येऊन पाण्याच्या अगदी वरच्या थरातून श्वास घेतात त्यामुळे तगले. बरीच पिल्लं जगली गं. त्या दिवसांत घरात चांगली म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती, सगळे बॅटरी घेऊन बघायला जमायचे. लिहिताना आत्ताही डोळ्यात पाणी आलं.

पोफळीची बाग, गुहागर
अगं किती गं सोसलंत. धाकट्याला माझ्याकडून शाबासकी सांग. बाग उभी राहिली का परत?

दिवेआगरकरीण
रोपं लावलीत. सुपारीला वेळ लागतो ना, पाच-सहा वर्षं तरी हवीत धरायला. काही झाडांना आता कुठे शिपुटं दिसतायत.

शिरगावचा माजी विद्यार्थी
रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलोय त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफी. गप्पी अंडी घालत नाही, पोटातच अंडी उबतात आणि पोहती पिल्लं बाहेर येतात. साधारण २१ ते ३० दिवस लागतात, पाणी कोमट असेल तर लवकर, आपल्याकडचं २५-२८ अंश मस्त. मादीच्या शेपटीकडच्या बाजूला पोटावर काळा डाग असतो तो गडद आणि मोठा होतो आणि पोट समोरून बघितलं तर चौकोनी दिसतं, मग समजा आज-उद्या. मादी आईबीई काही ओळखत नाही, तोंडात मावेल ते खाणं. नर पण खातात, इतर मासे पण खातात, त्यामुळे दोष एकट्या मादीला देऊ नका.
डब्यात ठेवायचीच तर अगदी शेवटी ठेवा, फार आधी कोंडली तर ताणाने पिल्लं अपुऱ्या दिवसांची होतात. त्यापेक्षा पोफळीताईंची पद्धत बरी, वर तरंगणारी झाडं तर हवीतच कारण जन्मलेलं पिल्लू बहुतेक वेळा वरच्या थरात लपतं.
आणि एक, नर काढून टाकला तरी मादी पुढे काही महिने वीत राहते, एकदाच्या मिलनाचं वीर्य साठवून ठेवते. दुकानातून एकटी मादी आणली तरी पिल्लं होतात ती यामुळे. लोक विचारतात चमत्कार कसा झाला.

खाडीकाठ
हो हो!! आमच्याकडे एकटीच आणली होती आणि आजी म्हणाली देवाची कृपा

मालवणी तडका
गप्पी नाव का पण? गप्प बसतात म्हणून?

शिरगावचा माजी विद्यार्थी
हाहा नाही. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ मध्ये त्रिनिदादहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला हे मासे पाठवले, त्यांचं नाव लागलं. त्याआधीच १८५९ मध्ये पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव त्याचं टिकलं आणि बोलण्यात गप्पी राहिलं.

दापोलीची सून
आले परत. भाकऱ्या झाल्या, सासूबाई झोपल्या. पिल्लांच्या खाण्याचं कोणी लिहिलं का? मी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात एकदाच हलवते, अगदी एकदाच, जास्त झालं की पाणी दुधासारखं होऊन वास मारतं. बाकी मोठ्यांचंच खाणं बोटांत चुरून पीठ करून. दिवसातून तीन-चार वेळा चिमूट चिमूट. आणि आमचा फिल्टर पिल्लं ओढून घ्यायचा, तर तोंडाला स्पंज बांधला. आता छोटा स्पंज फिल्टरच घेतलाय, त्या स्पंजावर साचलेलं पण पिल्लं टिपत बसतात.

खाडीकाठ
अंड्याचा वास म्हणजे आमच्याकडे श्रावणात बंदच. त्या महिन्यात काय घालू?

शिरगावचा माजी विद्यार्थी
स्पिरुलिना पूड घाला, सुकवलेल्या शेवाळाची असते, शाकाहारीच आहे. एरवी सगळ्यात छान म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, ताजी पिल्लं. त्याच्या अंड्यांची पुडी दुकानात मिळते, आपल्याला मीठ घालून पाणी करायची पण गरज नाही, समोर समुद्र आहे. पावसाळा सोडून भरतीचं स्वच्छ पाणी आणायचं, फडक्याने गाळायचं, बाटलीत अंडी टाकून एअर पंपाची नळी सोडायची. साधारण एका दिवसात फुटतात. पंप बंद करून बाजूला बॅटरी लावली की पिल्लं उजेडाकडे जमतात, टरफलं वर तरंगतात. नळीने ओढून घ्यायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि टाकीत. गप्पीची पिल्लं पोट केशरी होईपर्यंत खातात. पावसात नदीनाल्यांचं पाणी मिसळून समुद्र पातळ आणि गढूळ होतो तेव्हा जाडं मीठ वापरा.

कुडाळचो
अरे जावा मॉस खंय गावतला??

देवरुखचा मास्तर
वाचून खूप आनंद झाला. आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात टाकी आहे, मुलंच बघतात. वार लावलेत. कुणाच्या वाराला पिल्लं झाली की त्याचा भाव वधारतो. सहलीला मुलांना झाडगावच्या मत्स्यालयात नेलं होतं, तिथला देवमाशाचा सांगाडा बघूनही एका मुलीने पहिला प्रश्न विचारला, सर देवमासा पिल्लांना खातो का.
एक कळकळीची विनंती. पिल्लं फार झाली म्हणून व्हाळात, ओढ्यात, नदीत सोडू नका. गप्पी तिथे भराभर वाढतो आणि आपल्या बारक्या माशांच्या खाण्यावर, जागेवर अतिक्रमण करतो. आपल्या व्हाळात तो डोक्यावर चमकता ठिपका असलेला मासा असतो बघा, पाण्याच्या अगदी वर तरंगत राहतो, तोही डासांच्या अळ्या फस्त करतो, तो आपला आहे. तो राहिला पाहिजे. जास्तीची पिल्लं कुणाला तरी द्या, नाहीतर नर-माद्या लवकर वेगळ्या करा, महिना-दीड महिन्याच्या पिल्लांत नराचा खालचा पर काडीसारखा निमुळता होतो त्यावरून कळतं.

खाडीकाठ
मास्तर तो मासा लहानपणी पंचाच्या झोळीत पकडायचो आम्ही! आता आमच्या व्हाळात दिसतच नाही. वाईट वाटलं.

पोफळीची बाग, गुहागर
मास्तर अगदी बरोबर. विहिरीत सोडलेलेही पावसात विहीर भरून वाहिली की व्हाळात जातात, म्हणून आम्ही डोणीतच ठेवायला सांगितलं यावेळी. कुडाळचो दादा, जावा मॉस माझ्याकडे भरपूर झालाय, टाकीत हात घालायला जागा नाही. पुढच्या आठवड्यात चिपळूणला येतेय, तिथून कोणी कुडाळकडे जाणारं आहे का?

जांभ्याचं घर, राजापूर
मी जातो दर शनिवारी सावंतवाडीला, गाडीने. चिपळूणवरून राजापूरपर्यंत एसटीत पाठवा कोणाकडे तरी, पुढचं माझ्याकडे. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला, पाणी भरू नका, मॉस तसाच टिकतो.

कुडाळचो
देव बरां करो तुमचां!! झिलाक सांगलंय, तो आत्ताच नाचता. काका हायवेक कुडाळात येवन फोन मारा, जेवनच जावा.

दापोलीची सून
मला पण थोडा ठेव गं ताई. आणि कुडाळच्या दादा, जेवण काय आहे ते पण लिहा.