मदत हवी आहे: प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद बघायचा आहे

पुण्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला उधारीवर माल द्यायचा आहे. ताळेबंद मागितला तर ‘गोपनीय आहे’ म्हणतात. आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) दाखल झालेले कागद बाहेरच्याला बघता येतात का? की माहिती अधिकारात अर्ज टाकू?

जमाखर्च: गोपनीय कसला? कंपनी कायदा २०१३, कलम ३९९. कुणीही फी भरून बघावा. माहिती अधिकाराच्या फंदात पडू नका. फी भरून मिळणारे कागद त्या कायद्याखाली मागता येत नाहीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे.

एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर खातं काढा आणि आधी फुकटातला मास्टर डेटा, म्हणजे कंपनीची मूळ माहिती, बघा. शेवटच्या ताळेबंदाची तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल तर पुढे जाऊच नका, उत्तर मिळालं. तारीख ताजी असेल तर ‘व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये त्या कंपनीचे १०० रुपये भरा. प्रमाणित प्रत पानाला २५ रुपये, पण ती कोर्टकचेरीसाठी, तुम्हाला नको. बघायची मुदत मर्यादित असते, म्हणून सगळं लगेच उतरवून ठेवा.

वर्ष निवडताना बरेच जण फसतात. तिथलं वर्ष कागद दाखल झाल्याचं असतं. २०२२-२३ चा ताळेबंद सहसा २०२३ मध्ये सापडेल. ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४. भागधारकांची यादी एमजीटी-७ किंवा ७ए ला जोडलेली असते.

धागाकर्ता: एओसी-४ उतरवला. उघडला की नुसतं ‘प्लीज वेट’ येतं.

जमाखर्च: ब्राउझरमध्ये उघडलात. अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा आणि डावीकडची पेपरक्लिप दाबा. खरा ताळेबंद, ऑडिटरचा अहवाल आणि टिपा तिथे जोडलेल्या असतात.

नोंदवही: नफ्याआधी टिपांमधली ‘ट्रेड पेयेबल्स’ (पुरवठादारांची देणी) बघा, किती पैसे वर्षापेक्षा जास्त थकलेत ते कळतं. मग इंडेक्स ऑफ चार्जेस, म्हणजे कंपनीच्या तारणांची यादी, तोही फुकट. सगळा स्टॉक आणि येणी बँकेकडे तारण असतील तर कंपनी बुडाल्यावर तुमचा नंबर बराच मागे. तारण नोंदवायला नेमाने ३० दिवस असतात, त्यामुळे परवाचं कर्ज आज दिसेलच असं नाही. आणि फॉर्म आरओसीच्या पोर्टलवर आहे म्हणजे आकडे कुणी तपासलेत, असं धरू नका. एओसी-४ बहुतेक वेळा न तपासता आपोआप दाखल करून घेतला जातो.

जमाखर्च: बिलावरचं नाव आणि सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) जुळतो का तेही बघा. सीआयएन २१ अक्षरी असतो. नुसतं ‘अमुक एंटरप्रायझेस’ असेल तर ती भागीदारी किंवा प्रोप्रायटरी. एमसीएवर काहीच मिळणार नाही.