‘शिस्त’ फारसी आहे म्हणून पाटीवरून पुसायची का?

लष्करची लेखणी

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या छोट्या वाचनालयाला गेल्या रविवारी रंग दिला. दारावर इतकी वर्षं ‘कृपया शिस्त पाळा’ अशी पाटी होती. रंगारी ती पुन्हा लिहायला बसला, तेवढ्यात समितीतले एक काका म्हणाले, "आता अनुशासन लिहा. शिस्त म्हणजे ‘शिष्ट’चा बिघडलेला उच्चार. निदान शुद्ध तरी लिहू." त्यावर दुसरे म्हणाले, "बिघडलेला कसला? तो सरळ फारसी आहे, म्हणूनच काढायचा." दोघांची कारणं एकमेकांना छेद देणारी, निकाल मात्र एकच. वाद मिटेना, तेव्हा रंगारी ‘कृपया’ एवढंच लिहून निघून गेला. पाटी अजून तशीच आहे.

माझी मुलगी एनसीसीत आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफलच्या फायरिंगला गेली. कोपरं खरचटवून घरी आली आणि म्हणाली, "आई, शिकवणारे उस्ताद सारखं ‘शिस्त लो, शिस्त लो’ म्हणत होते. मला वाटलं गप्प पडून राहा म्हणतायत. मी हललेच नाही. मग शेजारची म्हणाली, अगं, नेम धर." आणि याच एनसीसीचं घोषवाक्य आहे ‘एकता और अनुशासन’. म्हणजे तिथे दोन्ही शब्द जिवंत आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडीही. त्यावरून नेम. उर्दूत आजही ‘शिस्त बाँधना’ म्हणजे निशाणा साधणं. जुन्या मराठीतही शिस्त बंदुकीची असे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द फारसी म्हणून नोंदला आहे आणि नेम हा अर्थ तिथे आहे. वागण्यातली शिस्त त्याच नेमातून आली असं माझं मत आहे. डोळा, नळी आणि निशाण एका रेषेत आणायचं, तशीच माणसं, कामं, वस्तू एका रेषेत आणायच्या. इतका देखणा प्रवास केलेला शब्द आपण पाटीवरून पुसायचा?

जयेंद्रगंज

ते शिष्टवाले काका मीच. ताई, तुम्ही शब्दावर जीव लावून लिहिता हे आवडलं, पण मला पटलं नाही. शिष्य, शिष्ट, शासन, अनुशासन ही सगळी ‘शास्’ धातूची लेकरं. शास् म्हणजे शिकवणं, वळण लावणं. शिस्त अर्थानं याच घरात शोभते. ज्या शब्दाचा अर्थ इतका जुळतो आणि उच्चारही जवळचा आहे, त्याला अंगठ्यातल्या कडीपाशी कशाला न्यायचं?

आणि समजा फारसीच असला, तरी पर्याय असताना का ठेवायचा? राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या सुमारे १४०० यावनी, म्हणजे फारसी-अरबी, शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ते काम आपण ३५० वर्षांनंतर एका पाटीपुरतं करू शकत नाही?

शब्दवेडा

काका, ‘शिष्ट’चं ‘शिस्त’ होत नाही. बोलता बोलता शब्द झिजतात, पण वाटेल तसे झिजत नाहीत. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ मराठीत येईपर्यंत ‘ठ’ होतात. अष्टचं आठ, काष्ठचं काठी, पृष्ठचं पाठ, दृष्टीची ज्ञानेश्वरीत दिठी. शिष्ट त्या वाटेनं आला असता तर आज आपण ‘शीठ’ म्हटलं असतं. संस्कृतातला ‘स्त’सुद्धा टिकत नाही. हस्तचा हात झाला, मस्तकाचा माथा. ज्या शब्दात ‘स्त’ अखंड राहिलाय तो बहुधा उशिरा आलेला असतो. दोस्त, मस्त, सुस्त, बंदोबस्त ही रांग बघा. शिस्त त्याच रांगेत उभी आहे.

राज्यव्यवहारकोशाचा मला अभिमान आहे. पण किल्ला, फौज, सरकार हे शब्द त्यानंतरही मराठीत राहिलेच, आणि आपण ते परके म्हणून उच्चारत नाही.

मुरारकर

मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. ‘डिसिप्लिन’चं मूळ लॅटिन ‘डिसिपुलस’, म्हणजे शिकणारा, शिष्य. अगदी आपल्या अनुशासनाचं घराणं. पण मध्ययुगात ख्रिस्ती मठांमधून त्याचा अर्थ फिरला. पापाचं प्रायश्चित्त म्हणून अंगावर मारून घेणं म्हणजे डिसिप्लिन. ज्या आसुडानं मारायचं त्या आसुडालाही डिसिप्लिनच म्हणत. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या आसपास आला तो याच मार-यातना घेऊन. अभ्यासाची शाखा, सैनिकी कवायत हे अर्थ तिथे नंतर रुळले.

आपल्याकडे ‘शिक्षा’चं तेच झालं. शिक्षा म्हणजे शिकणं. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली ‘शीक्षावल्ली’, त्यात उच्चार शिकवलेत. इथे ग्वाल्हेरात शिक्षा विभागाची पाटी वाचताना कोणाला भीती वाटत नाही, पण पुण्याहून पाहुणा आला की त्याला ती पाटी विचित्र वाटते, कारण मराठीत शिक्षा म्हणजे छडी. शिकवण्याचे शब्द किती सहज मारण्याकडे घसरतात! म्हणून मला नेमाचा शब्द बरा वाटतो. तो निदान छडीतून आलेला नाही.

बालवर्गाची बाई

मुरारकर सर, इथे मी तुमच्या आणि ताईंच्या दोघांच्याही विरोधात आहे. शिस्तसुद्धा घसरली आहे. ‘थांब, तुला चांगली शिस्त लावते’ हे वाक्य मी बालवर्गाच्या फाटकाशी दर आठवड्याला ऐकते. आई म्हणते तेव्हा तिचा हात आधीच उगारलेला असतो. चार वर्षांचं पोर शिस्त हा शब्द पहिल्यांदा ऐकतं तेच धमकी म्हणून. महाराष्ट्रातल्या कचेरीत ‘शिस्तभंगाची कारवाई’ म्हणतात, आपल्याकडे ‘अनुशासनात्मक कार्यवाही’. कागद हातात पडला की पोटात गोळा सारखाच येतो.

आणि ताई, तुमची व्युत्पत्ती खरी मानली तर मला ती जास्तच टोचते. शिस्त लावणं म्हणजे नेम धरणं. मग पोराला शिस्त लावतो तेव्हा नेम कोणावर धरतो आपण?

जयेंद्रगंज

बाई, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता आलं नाही. बंदुकीतून आलेला शब्द वाचनालयाच्या दारावर नको. अनुशासनाच्या जागा आठवा. पतंजलीचं व्याकरणावरचं महाभाष्य सुरू होतं ‘अथ शब्दानुशासनम्’, योगसूत्रं सुरू होतात ‘अथ योगानुशासनम्’. तैत्तिरीयात आचार्य शिष्याला निरोप देताना ‘सत्यं वद, धर्मं चर’ सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘एतदनुशासनम्’. तिथे धाक नाही, जाणाऱ्या मुलाला दिलेली शिदोरी आहे.

शब्दवेडा

काका, मूळ अर्थ इतका सुंदर असूनही शब्द वाचला का? आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ भिंतीभिंतींवर रंगवलं होतं. शब्द विनोबांचा. आचार्यांचं असतं ते अनुशासन आणि सत्तावाल्यांचं असतं ते शासन, असा भेद त्यांनी नंतर सांगितला. तोवर शब्द सरकारी पाटीवर चढला होता.

टेकनपूरचा उस्ताद

बीएसएफमधून, म्हणजे सीमा सुरक्षा दलातून, निवृत्त झालो. इथे जवळच टेकनपूरच्या अकादमीत किती पोरांना शिस्त घ्यायला शिकवली, त्याची मोजदाद नाही. बाईंनी विचारलं, नेम कोणावर. मी शिकवतो ते सांगतो.

नवीन रंगरूट आला की त्याला वाटतं, शिस्त म्हणजे टार्गेटकडे बघणं. तो टार्गेटकडे इतका टक लावून बघतो की हातातली रायफल कुठे आहे हेच विसरतो. त्याला पहिल्यांदा हेच सोडवावं लागतं. मागच्या साइटमधून पुढच्या साइटची नोक बघायची. नोक स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं. डोळा एकाच वेळी दोन्हीकडे स्वच्छ बघू शकत नाही. मग श्वास. अर्धा सोडायचा, थांबायचं. ट्रिगर झटक्यानं ओढायचा नाही, दाबत न्यायचा. गोळी कधी सुटली ते स्वतःला कळता कामा नये. या सगळ्यात टार्गेटला मी काहीच करत नाही. जे करतो ते माझ्या डोळ्याला, खांद्याला, श्वासाला, बोटाला करतो.

रायफल त्या पोराच्या हातात असते, बाई. मी फक्त शेजारी पडून सांगतो. आमच्यात म्हणतात ‘शिस्त ले’. कोणी दुसऱ्याला शिस्त लावत नाही. ज्यानं त्यानं घ्यायची असते.

लष्करची लेखणी

उस्ताद, तुमचं लिहिणं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, नोक! मी टार्गेटकडेच बघत होते."

बाई, ‘शिस्त लावते’ हे मीही म्हटलंय. उगारलेल्या हातानंच म्हटलंय. पुढे म्हणणार नाही.

पण आपलं गावच बघा ना. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला आणि त्या लष्कराचं शहर झालं, म्हणून आपण ‘लष्कर’मध्ये राहतो. त्याच्या आधी, १७८४ साली महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपी सेनानीला नोकरीत घेतलं आणि त्यानं कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या तुकड्यांना कंपू म्हणत. आज कंपू म्हणजे आपल्याकडे भाजी आणायला जायची जागा, आणि मराठीत चार जणांचं टोळकं. शिंदे की छावनी या आपल्या वस्तीत आता कोणी सैनिक तळ ठोकून नाही. ‘कवायत’ तर अरबी कायद्याचं अनेकवचन आहे. ज्याला आपण कायदा म्हणतो तोच शब्द अनेकपणानं मैदानात उतरला आणि कवायत झाला. सैन्यातून आला म्हणून शब्द बाहेर काढायचा तर ग्वाल्हेरच्या अर्ध्या पाट्या उतरवाव्या लागतील.

आणि एक गोष्ट मला काल रात्री भांडी आवरताना सुचली. आपल्याकडे ‘नेम’ आहे. नियमाचंच घरगुती रूप. आजीचा एकादशीचा नेम, वारीचा नेम, पहाटे उठून तुळशीला पाणी घालायचा नेम. आणि बंदुकीचाही नेमच. शिस्त नेमबाजीकडून निघून नियमाकडे आली आणि नेम नियमाकडून निघून नेमबाजीकडे गेला. दोन शब्द, एक फारसी आणि एक संस्कृत, मराठीत समोरासमोर येऊन एकमेकांच्या जागी बसले. मराठी माणसाला ही दोन कामं एकच वाटली असली पाहिजेत, नाहीतर हे दोनदा घडलं नसतं.

जयेंद्रगंज

मग ताई, ‘नेम पाळा’ लिहा! तुमच्याच तोंडून निघालं. संस्कृत मूळ, मराठी रूप, आणि तुमचा नेमबाजीचा अर्थही त्यात.

लष्करची लेखणी

काका, मोह झाला होता. पण नेम एकट्याचा असतो. आजीनं नेम मोडला तर ती स्वतःच उपाशी राहून भरून काढायची, आम्हाला त्याचा पत्ताही नसे. वाचनालयात मी मोठ्यानं बोलले तर शेजारच्या मुलाचं पान अडतं. तिथे दहा जणांनी मिळून धरायची गोष्ट हवी, आणि त्याला मराठीत शिस्तच म्हणतात.

मुरारकर

हा फरक मला पटला. पाटीवर ‘शिस्त’ राहू दे.

बालवर्गाची बाई

मला अर्धाच पटला. उस्तादांसारखं शेजारी पडून सांगणारं कोणी असेल तर शिस्त ठीक. लहान मुलांच्या कपाटावर मात्र मी पाटीच लावू देणार नाही, ना ही ना ती. पुस्तक परत कसं ठेवायचं ते मी हात धरून दाखवते.

जयेंद्रगंज

शिष्टचं शिस्त होत नाही हे मान्य, ते कारण मी समितीत पुन्हा काढणार नाही. बाकी मत तेच आहे. मतदान घेतलंत तर माझं अनुशासनाला.

लष्करची लेखणी

घेऊ काका. रंगारी रविवारी दहाला येतोय. बाई म्हणाल्या ते कपाट तोवर रिकामं करून ठेवते.