मंदी बाजारातली, मंदी अंगातली : तुमचे अनुभव लिहा

डिप्रेशन हा इंग्रजीत एकच शब्द. मराठीत त्याचे दोन झाले. बाजाराला येते ती मंदी, माणसाला येतं ते नैराश्य. शब्द दोन म्हणून आपण कामंही वाटून टाकली: मंदीचं बँकेत बघायचं, नैराश्याचं डॉक्टरकडे. माझ्या घरात दोन्ही एकाच वर्षी मुक्कामाला आल्या आणि आधी कोण आली ते मला अजून सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

पैसा आणि मन एकदम खचलं असेल, किंवा एकापायी दुसरं, तर लिहा. नाव नको असेल तर नको. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नका. ‘सकारात्मक विचार करा’ हा तर मागितला तरी देऊ नका. आणि जगणंच नको वाटत असेल तर इथे लिहून उत्तराची वाट बघत बसू नका, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरला गाठा.

सुरुवात मीच करते. आमचा विभाग बंद झाला, नोकरी गेली. पहिला महिना सुट्टीसारखा गेला, खोटं कशाला बोलू. मग टपाल उघडायचं बंद झालं. बँकेचा लिफाफा न बघताही हाताला कळायचा, त्याच्या खिडकीचा पातळ कागद कुरकुरायचा. तसाच खणात टाकायचे. खण भरला तेव्हा लिफाफे तळहाताने दाबून खण आत ढकलायचे. धाकटी बहीण राहायला आली, तिने मोजले. २३ होते. त्यातला एक पैसे मागणारा नव्हता, देणारा होता. विम्याची काही रक्कम परत मिळणार होती, फक्त एक अर्ज सही करून पाठवायचा होता. मुदत संपून पाच आठवडे झाले होते.

*

माझं उलटं. पगार वेळेवर, डोक्यावर कर्ज नाही, म्हणूनच दोन वर्षं डॉक्टरकडे गेलो नाही. रडायला काहीतरी कारण नको का? एका ओळीची ईमेल लिहायला ४० मिनिटं लागायची. लिहायचो, खोडायचो, ‘नमस्कार’ शोभतो का यावर अडायचो. साहेबांच्या लेखी मी आळशी, माझ्याही लेखी तेच.

डॉक्टरांनी पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य किती ते मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. प्रश्न नऊ, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. परीक्षेत कधी मिळाले नाहीत एवढे इथे मिळाले: १९. आठव्या प्रश्नापाशी थांबलो. चालणं-बोलणं इतरांच्या लक्षात येण्याइतकं मंद झालंय का? म्हणजे मी आळशी नव्हतो, मंदावलो होतो, आणि त्याचे गुणही मिळत होते! आधी थायरॉइड तपासलं, कारण त्यातही असंच सुस्तावायला होतं. मग गोळ्या. फरक दिसायला काही आठवडे लागतात हे त्यांनी बजावलं होतं म्हणून टिकलो. नोकरी नाही टिकली. आधी पगारी रजा, मग बिनपगारी, मग राजीनामा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२२ मध्ये सांगितलं की नैराश्य आणि चिंताविकारापायी जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात. त्यातले १४० माझे.

*

मी जरा कडू बोलणार आहे. मला आजार नव्हता, मला पगार नव्हता. चार महिन्यांचा थकला होता. झोप नाही, जेवण नाही, चिडचिड. सगळे म्हणाले समुपदेशन घे. बाई चांगल्या होत्या, पण त्या म्हणायच्या श्वासाकडे लक्ष द्या आणि माझं लक्ष घरभाड्याकडे. त्यांची फी देताना तर श्वास अडकायचाच. थकबाकी मिळाली आणि आठ दिवसांत गाढ झोपलो. गरिबीला आजाराचं नाव दिलं की पगार थकवणारा सुटतो. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

*

वरच्या दादांना : माझेही पैसे परत आले. झोप नाही आली. अजून औषध चालू आहे.

*

मी गोळी अर्धी करायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, पाकीट महिनाभराऐवजी दोन महिने पुरावं म्हणून. सुरीने कापायचे. एक तुकडा मोठा, एक लहान. मग आज मोठा खायचा की लहान यावर विचार. सुरीला लागलेली भुकटी बोटाने टिपून चाटायचे, वाया कशाला. पुढे पैसेच संपले तेव्हा एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची. मला वाटलं आता मेंदूचंच काहीतरी निघालं. नाही. ही औषधं अचानक सोडली की काहींना असं होतं. ती हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवायची असतात.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘परवडत नाही हे मला का नाही सांगितलंत?’ त्याच औषधाचं जेनेरिक लिहून दिलं, बरंच स्वस्त. सात महिने मी त्यांना रडू येतं हे सांगितलं होतं, रात्री काय विचार येतात तेही सांगितलं होतं. पैसे नाहीत हे सांगायला मात्र लाज वाटली.

*

वडिलांबद्दल लिहितो. काम सुटल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. आम्हाला वाटलं पट्टा तुटला असेल. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला त्यांना तास लागायचा. पायाला काही झालेलं नव्हतं.

पुढे मारिएनथालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियातलं गाव, १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे जो अभ्यास केला तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ भरपूर, वाचनालयाची वर्गणीही काढून टाकलेली, तरी लोकांचं पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगही त्यांनी मोजला. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत, मध्येच उभे राहत. (बायकांना थांबून चालणार कसं, गिरणी बंद पडली तरी चूल बंद नव्हती.) आणि पुष्कळ पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं.

ते वाचल्यावर वडिलांचं घड्याळ शोधलं. पट्टा धड होता.

*

मी समुपदेशक आहे. कडू बोलणाऱ्या दादांचं निम्मं मला मान्य आहे. आम्हाला बालपण विचारायला शिकवतात, देणी विचारायला नाही. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून ‘फ्रेंडशिप बेंच’ हा उपक्रम उभा केला. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी. ती तुमच्या सगळ्या अडचणी ऐकते, मग तुम्हीच त्यातली एक निवडायची आणि आधी तिचं काय करायचं ते दोघांनी ठरवायचं. बऱ्याचदा ती पैशाचीच निघते. त्याच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर लक्षणं खरोखर कमी झालेली दिसली.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते : कुणाचं देणं आहे का? लोक गप्प होतात, मग खुर्चीत नीट बसतात. पण दादा, देणं फिटूनही झोप न येणारी माणसं माझ्यासमोर रोज असतात. वरच्या एका ओळीच्या प्रतिसादाकडे पुन्हा बघा.

*

धागा काढणाऱ्या ताई, एक विचारू का? त्या २३ लिफाफ्यांचं पुढे काय झालं? माझ्याकडे खण नाही, पिशवी आहे. बहिणीने उघडून दिले का?

*

नाही. उघडायचे मीच. ती शेजारी बसून स्वतःचं काहीतरी विणत बसायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तीन झाले की म्हणायची, ‘बास, आजचे झाले.’ चौथा उघडू द्यायची नाही.