कोरोनाच्या किटवर एकच रेघ आली, तर आजींच्या कार्यक्रमाला जावे का?

ए-२०२ : नमस्कार. आमच्या यांचा कालपासून घसा दुखतो आहे आणि रात्री थोडी कणकणही होती. आज सकाळी घरीच कोरोनाच्या किटवर तपासले, तर एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. दोघांचेही लसीचे तिन्ही डोस झालेले आहेत. तेव्हा संध्याकाळी बी विंगमधल्या आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला यावे की नाही, एवढेच विचारायचे होते.

बी-४०१ : वहिनी, निःसंकोच या. लस घेतलेल्यांना किट उलट उगाचच पॉझिटिव्ह दाखवते असे मी ऐकले आहे, आणि तुमची चाचणी तर निगेटिव्ह आली आहे.

सी-१०३ : मी निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेत काम केले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लसीमुळे किट पॉझिटिव्ह येत नाही. बहुतेक किट नाकातल्या स्रावात विषाणूचे न्यूक्लिओकॅप्सिड हे आतले प्रथिन शोधतात. कोविशील्ड शरीराला ओळख करून देते ती बाहेरच्या स्पाइक प्रथिनाची, आणि कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असला तरी तो निष्क्रिय केलेला असतो आणि दंडात टोचला जातो, नाकात वाढत नाही.

खरी अडचण निगेटिव्हची आहे. लस घेतलेल्या किंवा पूर्वी कोरोना होऊन गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती विषाणू थोडा असतानाच जागी होते, त्यामुळे घसा आणि ताप आधी येतात व नाकातला विषाणू भरात येतो तो नंतर. अशाच लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विषाणूचे प्रमाण लक्षणांच्या साधारण चौथ्या दिवशी सर्वाधिक आढळले. त्यावरून केलेल्या अंदाजानुसार पहिल्या दिवशी किट १०० पैकी ३० ते ६० रुग्णच पकडते आणि चौथ्या दिवशी ८० ते ९३. तुमच्या यजमानांचा आज जेमतेम दुसरा दिवस आहे.

बी-४०१ : मग किटवर पैसे घालवायचेच कशाला? सरळ प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी करून मोकळे व्हावे.

सी-१०३ : भाऊ, लक्षणे असताना किट निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्ये पहिल्या घरगुती किटला मान्यता देतानाच सांगितले होते. पण आरटी-पीसीआर बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. किट पॉझिटिव्ह आली, तर मात्र ती बहुधा खरीच असते आणि तेही पंधरा मिनिटांत कळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ पासून लक्षणे असलेल्यांना निगेटिव्हनंतर ४८ तासांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे, ते मला व्यवहार्य वाटते.

आणखी एक विचारते. ही किट सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटातलीच ना?

ए-२०२ : हो, ताई. महिन्याभरापूर्वी तिथूनच आणली होती.

सी-१०३ : या किट साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या बंद खोलीतल्या कपाटात हात लावला तर चटका बसतो. कंट्रोलची रेघ, म्हणजे तुमच्या किटवर आली ती एकच रेघ, आली म्हणजे द्रव पट्टीवरून नीट सरकला एवढेच कळते. उष्णतेने चाचणीची धार कमी झाली असेल, तर ती रेघ तसे सांगत नाही.

सचिव : चूक आमची आहे. उरलेल्या किट कोणी वापरू नयेत. नवीन आणल्या की त्या कपाटात न ठेवता माझ्या घरी थंड खोलीत ठेवीन.

ए-२०२ : मग आज आम्ही येत नाही. आजींना फोनवरून नमस्कार करू. परवा नवीन किटवर पुन्हा तपासतो.

बी-४०१ : प्रसादाचा डबा दाराशी ठेवतो, वहिनी. माझे वाक्य मागे घेतले आहे.

ए-२०२ (दोन दिवसांनी) : आज मेडिकलमधून आणलेल्या नवीन किटवरही एकच रेघ आहे. ताप गेला, खोकला मात्र आहे.

सी-१०३ : म्हणजे कोरोनाची शक्यता बरीच कमी झाली, दुसरा एखादा विषाणू असेल. तरी आजी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. खोकला थांबेपर्यंत त्यांच्याकडे जाऊ नये, आणि जावेच लागले तर मास्क लावून दारातूनच बोलावे.