पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ‘बॉय’ म्हणायचं का?

मरोळवाली:
आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, क्लायंट अमेरिकन. गेल्या आठवड्यात तिकडून एक मॅनेजर आल्या होत्या, कृष्णवर्णीय आहेत. त्यांनी कॉफी कुठे मिळेल विचारलं तर कुणीतरी म्हणालं, “बॉयला सांगा, आणून देईल.” आणि ट्रे घेऊन आले ते आमचे काका. वय ५८, घरी नातवंडं. बाईंचा चेहरा एकदम उतरला. बोलल्या काही नाहीत, पण उठून काकांच्या हातातला ट्रे घेतला आणि त्यांचं नाव विचारलं.

नंतर टीममध्ये वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, त्यांचा इतिहास त्यांच्यापाशी. आपल्याकडे ऑफिसबॉय, वॉर्डबॉय ही नुसती कामाची नावं आहेत. मला हे पटत नाही, पण नीट उत्तरही देता आलं नाही. तिकडे नेमकं काय झालं होतं? आणि आपल्याकडे हा ‘बॉय’ आला कुठून?

गिरगावचे मास्तर:
मरोळवाली, माझ्या नोकरीची सगळी वर्षं इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या तोंडी काळा माणूस ‘मिस्टर’ काही झाला नाही. अंगात जोर आहे तोवर ‘बॉय’, केस पिकले की ‘अंकल’. मधलं कर्त्या पुरुषाचं वय त्याला द्यायचंच नाही. १९६८ साली मेम्फिस शहरात कचरा उचलणाऱ्या सुमारे १३०० कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर एवढंच होतं: ‘आय अ‍ॅम अ मॅन’. पगाराची मागणी होतीच, पण फलकावर हे लिहावंसं वाटलं. त्याच संपाच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले होते आणि तिथेच ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली.

बायकांचंही तेच. अलाबामातल्या गॅड्सडेन इथे १९६३ साली मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीतली कार्यकर्ती कोर्टात उभी होती. गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस्टर’, ‘मिसेस’, हिला मात्र सरकारी वकील नुसतं ‘मेरी’. मिस हॅमिल्टन म्हणाल तरच उत्तर देईन, असं तिने सांगितलं. न्यायाधीशाने कोर्टाचा अवमान ठरवून ५ दिवस कैद आणि ५० डॉलर दंड ठोठावला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. साध्या ‘मिस’साठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आणि एक. तिकडच्या रेल्वेत पुलमन कंपनीचे झोपायचे डबे असत. त्यांतल्या काळ्या पोर्टरांना उतारू सर्रास ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची जुनी रीत होती, तीच पुढे चालली.

आता आपल्या मुंबईचं ऐका. माझे चुलत आजोबा राजापूरहून बोटीने आले आणि मलबार हिलच्या एका बंगल्यात घरगडी झाले. साहेबलोकांच्या आणि बड्या शेठियांच्या घरी कोकणातल्या गड्याला तेव्हा सरसकट ‘रामा’ म्हणत. धोंडू असो, तुकाराम असो, आत आला की रामा. आजोबांचं खरं नाव उरलं ते फक्त मनीऑर्डरच्या फॉर्मवर. दोन्हीकडचं दुःख सारखं होतं असं मी म्हणणार नाही. तिकडे त्या हाकेमागे झुंडीने झाडाला लटकवण्याची दहशत होती. पण माणसाचं नाव विचारायचीच गरज नाही, हा विचार दोन्हीकडे एकच.

शब्दवेडा, ठाणे:
मास्तर, पूर्ण आदर राखून एक शंका. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द देणाऱ्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ‘बॉय’चे दोन अर्थ दिले आहेत: एक घरचा नोकर, दुसरा पालखी वाहणारा. दुसरा अर्थ तेलुगू-मल्याळममधल्या ‘बोयी’ या जातीच्या नावावरून, म्हणजे आपला भोईच. मग निम्मा शब्द इथलाच ठरतो. त्याला अमेरिकेचं पाप का चिकटवायचं?

गिरगावचे मास्तर:
शब्दवेडा, माहिती बरोबर आहे, पण त्यातून निघतं काय ते पाहा. भोई ही जात. म्हणजे खांद्यावर दांडा घेणाऱ्याला नावाने नाही, जातीने हाक. साहेबाचा ‘बॉय’ आणि आपली जातीवरून, एकेरीत मारलेली हाक, दोन्ही इथे एकमेकांत मिसळले. त्यामुळे दोष कमी होत नाही, दुप्पट होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की ‘बॉय’ला रंगाचं विशेषण जोडलेलं नसलं तरी तो भेदभावाचा पुरावा ठरू शकतो, प्रसंग, बोलण्याचा सूर, तिथली रीत आणि पूर्वीचा वापर पाहायचा. हीच कसोटी आपल्या ऑफिसांना लावा. साहेबाच्या केबिनमधल्या ५८ वर्षांच्या माणसाला कुणी बॉय म्हणतं का?

रात्रपाळी:
मी स्वतः वॉर्डबॉय आहे, मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात. वय ४६. पेशंटचे नातेवाईक ‘मामा’ म्हणतात, आयाबाईंना ‘मावशी’. ते चालतं, निदान मोठा समजून बोलतात. “ए बॉय, स्ट्रेचर आण” हे मात्र लागतं. रात्री पेशंट गेला तर त्याला गुंडाळून शवागारात मी नेतो, रडणाऱ्या घरच्यांना कागद कुठे मिळतील ते मी सांगतो. हे पोराचं काम आहे का? मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर मी ‘रुग्णालय कर्मचारी’ लिहितो.

पण नुसतं पदाचं नाव बदलून भागणार नाही. २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये सुरेश प्रभूंनी कुलींना ‘सहायक’ म्हणायचं जाहीर केलं. दादरला उतरून बघा, हाक अजून ‘कुली’च. वरचे लोक कसं बोलतात ते बघून खालचे बोलतात. तुमच्या मॅनेजरने सुरुवात केली तर बाकीचे आपोआप बदलतील.

मरोळवाली:
मास्तर, रात्रपाळी दादा, मनापासून आभार. काकांना आज विचारलं, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? म्हणाले, आडनावापुढे ‘जी’ नको, गावाकडे ‘भाऊ’ म्हणतात, ते बरं वाटतं. सोमवारी एचआरला लिहितेय. पदनाम बदला, आणि इंटरकॉमच्या यादीत ‘बॉय’ आहे तिथे त्यांचं नाव टाका. आउटसोर्स एजन्सीच्या ओळखपत्रावरही ‘बॉय’ छापलंय, ते आमचं एचआर बदलू शकतं का? कुणी करून घेतलं असेल तर कसं ते सांगा.

रात्रपाळी:
होतं. कंत्राटात पदाचं नाव असतं, ते रिन्यूअलच्या वेळी बदलून मागा. मधल्या काळात कार्ड नवं छापायला तुमच्या अ‍ॅडमिनचं एक पत्र पुरतं.