पोर्चच्या दिव्यावर रॉबिनचं घरटं, काढलं तर चालेल का? (कॅनडा)

ब्रॅम्प्टनकर: मंडळी, आमच्या पोर्चच्या दिव्यावर रॉबिनने घरटं केलंय, चिखल नि गवताचं, आत निळी अंडी, आणि दार उघडलं की बया अंगावरच येते. पेंटर पुढच्या आठवड्यात येणारे. २०२२ ला नियम बदलले म्हणे, मग घरटं हलवू का?

पक्षीवेडा: अजिबात नको हो. अंडी-पिल्लं असेपर्यंत हात लावायचा नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा मूळ कायदा १९९४ चाच आहे, बदललेत ते त्याखालचे नियम (रेग्युलेशन्स), म्हणजे जुलै २०२२ पासून १८ जातींची घरटी रिकामी असली तरी वर्षभर संरक्षित आणि बाकीच्यांची फक्त वापरात असताना. रॉबिन त्या १८ त नाही, पिल्लं उडाली की खुशाल काढा.

रानातली_काकू: सुटलास रे बाबा! त्या १८ तल्या पिलेटेड सुतार पक्ष्याची ढोली असती तर आधी सरकारकडे नोंद, मग ३६ महिने रिकामी राहिली तरच झाड तोडता येतं. किडे खायला पाडलेली लांबट भोकं त्यात येत नाहीत, फक्त घरट्याची ढोली. मला तर पटतं, नंतर त्याच ढोल्यांत घुबडं, बदकं राहतात.

ब्रॅम्प्टनकर: म्हणजे पेंटरला पुढे ढकलू? आधीच तोंड वाकडं करतोय तो.

पक्षीवेडा: ढकलाच. उबवायला दोनेक आठवडे, उडायला जवळपास तेवढेच. आणि रिकामं झालं की लगेच काढा, नाहीतर दुसरी वीणही तिथेच.